जोडकडीचा नट म्हणजे झाकण नव्हे: साखळी जोडताना काय बघावं

सोलापूरच्या मंगळवार पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात साखळी मागितली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "जोडायला काय देऊ?" मग काउंटरवर एक लंबगोल कडी येते, एका बाजूला नट असलेली. शेजारी तशीच दिसणारी, तेवढ्याच जाडीची दुसरी कडी असते आणि तिची किंमत दुप्पट-तिप्पट असते. एकीवर बारीक अक्षरांत काहीतरी कोरलेलं असतं, दुसरी कोरी. दोन्ही चकचकीत. अशा वेळी गिऱ्हाईक स्वस्तातली उचलतं, कारण फरक कशाचा आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

ही कडी सोलापुरात किती ठिकाणी लटकते ते जरा आठवून पाहा. घरातला झोपाळा, गोठ्यातली दावण, दुकानाची पाटी, जिममधली बॉक्सिंगची बॅग, उसाच्या ट्रॉलीची सेफ्टी चेन, सूत रंगवण्याच्या विभागात वरून टांगलेली पाइपलाइन. साखळी कितीही भक्कम घेतली तरी सगळा भार शेवटी या एका कडीतूनच जातो. म्हणून तिच्याबद्दल नीट समजून घ्यायला हवं, आणि ते फारसं अवघड नाही.

बाजारात तिला क्विक लिंक म्हणतात. कुणी चेन जॉइंटर म्हणतं, कुणी नुसतं नटाची कडी. मी इथे जोडकडी हा शब्द वापरतो.

## कडी असते कशी

गोल सळई वाकवून लांबट कडी केलेली असते, पण ती पूर्ण मिटवलेली नसते. एका लांब बाजूला मुद्दाम फट ठेवतात. फटीच्या दोन्ही टोकांवर आटे पाडलेले असतात आणि एका टोकावर लांबट नट चढवलेला असतो. नट मागे घेतला की फट मोकळी होते आणि साखळीचं टोक आत घालता येतं. नट पुढे फिरवला की तो फट ओलांडून समोरच्या आट्यांवर चढतो आणि कडी बंद होते. फ्रान्समधल्या पेगे कंपनीची मायाँ रापिद या नावाची अशी कडी जगभर ओळखली जाते. गिर्यारोहक आणि पॅराग्लायडिंगवाले सगळ्याच जोडकड्यांना सर्रास त्याच नावाने ओळखतात.

हिच्यासारख्याच दिसणाऱ्या दोन वस्तूंशी तिची गल्लत होते. कॅराबिनरला स्प्रिंगची खिटी असते. काही कॅराबिनरवर फिरवायची नळी असते, पण ती खिटी चुकून उघडू नये एवढ्यासाठीच. भार खिटीच्या टोकाच्या खाचेवर येतो, नळीवर येत नाही. शॅकल म्हणजे इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा जाड तुकडा आणि त्याच्या दोन कानांतून आडवी जाणारी पिन. जोडकडीचं तसं नाही. तिच्यात नट स्वतः ओढ सहन करतो. बंद कडीवर वजन आलं की अर्धा ओढा मागच्या अखंड बाजूतून जातो आणि उरलेला अर्धा नटातून, म्हणजे नटाच्या आतल्या आट्यांतून.

नट म्हणजे डबीचं झाकण असावं तसं लोक त्याच्याकडे बघतात. खरं तर तो कडीचा अर्धा भाग आहे. पुढची बहुतेक सगळी काळजी या एका गोष्टीतून निघते.

## नट अर्धाच फिरवला तर काय होतं

भरलेलं घमेलं दोन माणसं दोन कानांना धरून उचलतात. एकाने कान सोडला तर दुसऱ्याच्या हातात दुप्पट वजन येतं एवढंच होत नाही. घमेलं कलंडतं आणि त्याचं मनगट पिरगाळलं जातं. हात सुटतो तो वजनापेक्षा त्या पिळामुळे.

उघड्या जोडकडीचं हेच होतं. नट समोरच्या आट्यांवर चढलेला नसेल तर सगळा भार मागच्या बाजूवर येतो, शिवाय ती बाजू वाकू लागते. धातूला सरळ ओढलेलं चांगलं सोसतं, वाकवलेलं फार कमी सोसतं. त्यामुळे उघड्या कडीची ताकद अर्धी उरते हा समज चुकीचा आहे. ती त्याहून कितीतरी कमी उरते. कडी हळूहळू फाकते, इंग्रजी सी अक्षरासारखी होते आणि साखळी त्या फटीतून निसटते. कडीवर कोरलेला आकडा फक्त पूर्ण बंद कडीला लागू असतो.

"दोन-तीन आटे बसले की पुरे" असं म्हणणारेही भेटतात. ते खरं नाही. नटाला ओढ सोसायची असते तेव्हा ती आट्यांच्या सगळ्या वेढ्यांत वाटली जायला हवी. दोन वेढ्यांवरच सगळा भार आला तर आटे सोलून निघतात. म्हणून नियम एकच: नट शेवटपर्यंत फिरवायचा. नटाच्या पुढच्या टोकाशी एकही आटा उघडा दिसता कामा नये. आधी हाताने पूर्ण बसवा, मग पान्याने थोडासा आवळा. पाना लांब घेऊन जोर लावायची गरज नाही. बारीक कडीचे आटे तेवढ्याने खराब होतात.

आता बसवण्याची दिशा. झोपाळा, पंखा, ट्रॉली, कशालाही हादरे बसतातच, आणि हादऱ्यांनी नट हळूहळू फिरतो. म्हणून उभ्या कडीत नट अशा बाजूने बसवा की बंद होताना तो खाली सरकेल. मग त्याचं स्वतःचं वजन त्याला बंद दिशेनेच ठेवतं. उलटा बसवला तर प्रत्येक हादरा त्याला उघडायला मदत करतो. यासाठी पैसा लागत नाही, फक्त कडी उलटी करून लावायची. तरीही दहातले निम्मे लोक याचा विचारही करत नसावेत असं मला वाटतं.

कायमच्या जोडणीसाठी आटे कोरडे, तेलविरहित करून त्यांवर मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर, म्हणजे आट्यांत सुकून नट धरून ठेवणारा द्रव, लावा. आणि नट आवळून झाल्यावर नट आणि कडी या दोन्हींवरून जाणारी ऑइल पेंटची एक बारीक रेघ ओढा. नट थोडा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. झोपाळ्याखाली उभं राहून नुसती नजर टाकली तरी कळतं.

## कोरलेला आकडा कसा वाचायचा

चांगल्या कडीवर बनवणाऱ्याचं नाव किंवा खूण असते, जाडी असते आणि भाराचा आकडा असतो. त्या आकड्याच्या आगेमागे डब्ल्यूएलएल ही अक्षरं असतात. डब्ल्यूएलएल म्हणजे वर्किंग लोड लिमिट, रोजच्या वापरात यापेक्षा जास्त भार द्यायचा नाही ती मर्यादा. जुन्या मालावर एसडब्ल्यूएल, म्हणजे सेफ वर्किंग लोड, असंही आढळतं, आशय जवळपास तोच.

कडी प्रत्यक्षात तुटते तो आकडा वेगळा आणि बराच मोठा असतो. जोडकडीसाठी बहुतेक चांगले उत्पादक तुटण्याच्या आकड्याचा पाचवा हिस्सा वापराची मर्यादा म्हणून देतात. तुटण्याचा आकडा ३५०० किलो असेल तर वापराचा ७०० किलो. साध्या स्टीलच्या ८ मिमी जाडीच्या चांगल्या कडीचे आकडे याच्याच आसपास असतात.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, "म्हणजे ७०० लिहिलंय तर खरं ३५०० घेते की!" घेते, पण नवीन असताना, प्रयोगशाळेत, सरळ रेषेत, हळूहळू ओढल्यावर. तुमच्याकडे ती झिजणार आहे, गंजणार आहे, थोडी तिरकी ओढली जाणार आहे, तिला धक्के बसणार आहेत. मधली पाचपट या सगळ्यासाठी आधीच खर्ची टाकलेली आहे. तिच्यातून वापरासाठी उसनं घ्यायला काही शिल्लक नसतं.

दुसरा गोंधळ किलोन्यूटनचा. गिर्यारोहणाच्या आणि उंचीवरच्या कामाच्या कड्यांवर आकडा किलोन्यूटनमध्ये असतो आणि तो तुटण्याचा असतो. १ किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०२ किलो वजनाएवढा ओढा. माणसाचा जीव ज्यावर लटकतो त्या जोडकड्यांसाठी युरोपात ईएन ३६२ आणि ईएन १२२७५ ही मानकं आहेत. त्यांत या प्रकाराला क्यू हे अक्षर दिलेलं आहे. अशी कडी लांबीच्या दिशेने किमान २५ किलोन्यूटन आणि आडवी किमान १० किलोन्यूटन सोसली पाहिजे. २५ किलोन्यूटन म्हणजे जवळपास २५५० किलो. हा तुटण्याचा आकडा शेजारच्या कडीवरच्या ७०० किलोंशी ताडून "ही साडेतीनपट मजबूत" म्हणणं चूक आहे, कारण ते ७०० वापराचे आहेत. तुलना करताना दोन्ही आकडे तुटण्याचे घ्या, नाहीतर दोन्ही वापराचे.

आणि कोरी कडी? तिच्यावर आकडा नाही याचा अर्थ तिच्या ताकदीची जबाबदारी कुणी घेतलेली नाही. परसात फाटकाला कुलूप लावायचं असेल, पिंजऱ्याचं दार बांधायचं असेल तर ती खुशाल वापरा. तिच्याखाली किंवा तिच्यावर माणूस येणार असेल तर घेऊ नका. "अण्णा, हत्ती टांगा, काही होत नाही," असं दुकानदार म्हणाला तरी आकडा कडीवर हवा. तोंडी आकड्यावर भार टाकता येत नाही.

## एक साईज मोठी घेतली की झालं?

जाडीचा हिशेब उपयोगाचा आहे. गोल सळईची ताकद तिच्या कापाच्या क्षेत्रफळावर ठरते, आणि क्षेत्रफळ जाडीच्या वर्गाने वाढतं. धातू तोच असेल तर ६ मिमीऐवजी १२ मिमीची कडी दुप्पट नाही, चौपट ताकदीची असते. उलटही तसंच: १० मिमीऐवजी ८ मिमी घेतली तर ताकद एक पंचमांशाने नाही, एक तृतीयांशाहून जास्त घटते.

पण "धातू तोच असेल तर" ही अट मोठी आहे. साखळ्यांना ग्रेड असतो. ग्रेडचा आकडा म्हणजे ती साखळी तुटताना प्रत्येक चौरस मिलिमीटरवर किती ताण येतो त्याचा दहावा हिस्सा. ग्रेड ३० म्हणजे ३०० न्यूटन, ग्रेड ८० म्हणजे ८०० न्यूटन. ८ मिमीच्या ग्रेड ८० साखळीची वापराची मर्यादा २ टन असते. तिच्यात साध्या स्टीलची ८ मिमीची जोडकडी घातली की सगळ्या जोडणीची मर्यादा ७०० किलोंवर येते. साखळीवर खर्च केलेले जवळपास दोन तृतीयांश पैसे तिथेच वाया गेले. आणि त्याहून वाईट म्हणजे साखळीवरचा ग्रेडचा शिक्का बघून कुणीतरी पुढे २ टन टांगणार.

म्हणून जाडीला जाडी जुळवू नका, आकड्याला आकडा जुळवा. जोडणीतल्या प्रत्येक वस्तूचा, म्हणजे साखळी, जोडकडी, छताचा हूक आणि खालचं कडं या सगळ्यांचा वापराचा आकडा कागदावर लिहा. त्यातला सर्वात लहान आकडा हीच तुमची मर्यादा. झोपाळ्याच्या बाबतीत बऱ्याचदा स्लॅबमधला हूकच सर्वात कमकुवत निघतो आणि तो कसा बसवला हे कुणालाच आठवत नसतं.

## वजन माहीत आहे, पण धक्का?

झोपाळ्याचाच हिशेब करू. सागवानी पाट आणि गादी मिळून ४० किलो धरा. त्यावर सणासुदीला तीन मोठी माणसं बसली, प्रत्येकी ७० किलो. एकूण २५० किलो. चार साखळ्या आहेत म्हणून चाराने भागायचा मोह होतो. तो टाळा. पाट कडक असतो, चार साखळ्या अगदी सारख्या लांबीच्या कधीच नसतात. त्यामुळे समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवरच बहुतेक भार येऊ शकतो. तेव्हा दोनाने भागा: एका साखळीला १२५ किलो.

आता झोका. दोर किंवा साखळी उभ्या रेषेपासून ६० अंशांवर नेऊन सोडली तर सर्वात खालच्या बिंदूवर ओढा वजनाच्या दुप्पट होतो. ९० अंशांवरून, म्हणजे आडव्या रेषेतून सोडली तर तिप्पट. घरातला झोपाळा एवढा उंच जात नाही, पण मुलं असली की जातो असं धरूनच चाला. १२५ ची दुप्पट २५०. म्हणजे २५० किलोंच्या वर डब्ल्यूएलएल असलेली कडी प्रत्येक साखळीला हवी. चांगल्या उत्पादकाची ८ मिमीची कडी इथे आरामात बसते, कोरी ५ मिमीची बसत नाही.

झटका याहून घातक असतो. सरळ पण ताण नसलेल्या साखळीला अडकवून हातावर पेललेलं वजन अचानक सोडलं, एक सेंटिमीटरही न पाडता, तरी क्षणभर ओढा वजनाच्या दुप्पट होतो. आणि वजन थोडं जरी पडलं तरी आकडे झपाट्याने फुगतात. समजा एखाद्या वजनाने साखळी २ मिमी ताणते. तेच वजन १० सेंटिमीटर खाली पडून साखळीला लटकलं तर ओढा साधारण ११ पट होतो. साखळी जेवढी कमी ताणणारी, तेवढा झटका मोठा. नायलॉनच्या दोराला थोडं लवचिक अंग असतं, लोखंडी साखळीला जवळजवळ नसतंच.

## उसाच्या ट्रॉलीची साखळी

ट्रॉलीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. भरलेली ट्रॉली कित्येक टनांची असते. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणारी पिन निसटली आणि उतारावर ट्रॉली मागे ओढू लागली की साखळीवर आधी झटका येतो आणि मग पूर्ण ओढा. काही शे किलोंच्या जोडकडीचं ते काम नाही. तिथे ठळक टनाचा शिक्का असलेलं बो शॅकल, म्हणजे गोल फुगीर पोटाचं शॅकल, लावा, तेही बोल्ट, नट आणि नट निघू नये म्हणून वर स्प्लिट पिन असलेलं. नामांकित उत्पादकांच्या पाऊण इंची, म्हणजे १९ मिमीच्या बो शॅकलवर ४.७५ टनांचा आकडा असतो, एक इंचीवर ८.५ टनांचा. ट्रॉलीच्या भरलेल्या वजनाकडे बघून निवड करा. ट्रॅक्टरच्या कंपनीने आणि आरटीओने काय सांगितलं आहे तेही पाहा.

साखळ्या दोन असतील तर ट्रॉलीच्या दांडीखाली त्या एकमेकींवरून तिरक्या न्या. मग पिन सुटली तरी दांडीचं टोक त्या फुलीवर टेकतं, डांबरात रुतत नाही. वळण घेताना ताण येणार नाही एवढाच ढिलेपणा ठेवा. जास्त ढिली साखळी म्हणजे जास्त मोठा झटका, वर पाहिलेला ११ पटीचा हिशेब इथेही लागू पडतो. कारखान्याच्या गेटवर नंबर लागेपर्यंत ट्रॉल्या तासन् तास उभ्या असतात. शॅकलची पिन आणि साखळीचं शेवटचं कडं बघायला त्यातली पाच मिनिटं पुरतात.

मागच्या दुसऱ्या ट्रॉलीलाही साखळी हवी, हे वेगळं सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.

## आडवी ओढ

लंबगोल कडी लांबीच्या दिशेने ओढायची असते. मानकांतला २५ आणि १० हा फरक पाहिलात ना? आडवी ओढली की ताकद निम्म्याहूनही खाली येते. एका कडीत तीन दिशांना तीन साखळ्या घातल्या तरी तेच होतं. तीन दिशा असतील तर त्रिकोणी, म्हणजे डेल्टा आकाराची कडी मिळते ती घ्या. पट्टा बसवायचा असेल तर सपाट बाजूची, अर्धगोल कडी घ्या. कडी कुठल्याही कठीण कोपऱ्यावर टेकून वाकणार नाही एवढं बघा.

## जस्त की स्टेनलेस?

सोलापूर पर्जन्यछायेत आहे, हवा बहुतेक वर्षभर कोरडी. त्यामुळे आत टांगलेल्या झोपाळ्याला जस्ताचा मुलामा दिलेली साधी कडी वर्षानुवर्षं पुरते. तीच कडी रत्नागिरीला समुद्राजवळ नेली तर लवकर गंजेल. पण शहरातही काही जागा अशा आहेत की तिथे कोरड्या हवेचा उपयोग नाही.

सुताची रंगाई आणि धुलाई होते त्या विभागांत कॉस्टिक सोडा असतो, ब्लीचिंगची वाफ असते. जस्त आम्लातही विरघळतं आणि कॉस्टिकसारख्या तीव्र अल्कलीतही. तिथे कडीवरचा मुलामा लवकर निघून जातो. गोठ्यातही जनावरांच्या मूत्रातल्या अमोनियामुळे मुलामा टिकत नाही. तिथे कडी दर थोड्या दिवसांनी बदलणं मी समजू शकतो, कारण ती स्वस्त असते आणि गंज डोळ्यांना दिसतो.

"मग सगळीकडे स्टेनलेसच लावू" हा विचार मात्र नीट तपासायला हवा. स्टेनलेसमध्ये ३०४ आणि ३१६ हे दोन ग्रेड सर्रास मिळतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे क्लोरीनयुक्त क्षारांपुढे ते जास्त टिकतं. बाजारात २०० मालिकेचं स्वस्त स्टेनलेसही येतं, ते गंजाला कमी तोंड देतं. चुंबक चिकटत नाही म्हणजे माल उत्तम, ही परीक्षा इथे चालत नाही, कारण २०० मालिकेलाही चुंबक सहसा चिकटत नाही. कडीवर ग्रेड कोरलेला आहे का ते बघा.

क्लोरीनच्या जागी, विशेषतः झाकलेल्या जलतरण तलावावर, स्टेनलेसचा आणखी एक धोका आहे. सतत ताणाखाली असलेल्या स्टेनलेसला क्लोराइडमुळे आतून बारीक भेगा पडतात. वरून फारसा गंज दिसत नाही आणि तुकडा अचानक तुटतो. १९८५ साली स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथे जलतरण तलावावरचं काँक्रीटचं छत असंच कोसळलं. ते स्टेनलेस स्टीलच्या आधारांवर टांगलेलं होतं आणि त्या दुर्घटनेत १२ जण मरण पावले. ब्लीचिंगच्या वाफेत डोक्यावर काही जड टांगायचं असेल तर दुकानदाराच्या सल्ल्यावर न थांबता धातूचा जाणकार अभियंता गाठा.

स्टेनलेसच्या आट्यांची एक छोटी खोड सांगतो. ते एकमेकांवर घासून चिकटतात आणि नट मध्येच कायमचा जाम होतो. अर्ध्यावर जाम झालेला नट म्हणजे उघडी कडी. बसवण्याआधी आट्यांना थोडं अँटी-सीझ वंगण लावा आणि सावकाश फिरवा. अशा कडीला थ्रेडलॉकर लावत नाहीत. पेंटची रेघ मात्र इथेही काढाच.

## "वेल्डिंगचा टाका मारला की कटकट गेली"

हे मी इतक्या ठिकाणी ऐकलं आहे की त्याला वेगळी जागा देतो. नट सुटायची भीती वाटते, मग फॅब्रिकेशनवाल्याकडून टाका मारून घेतात. हेतू चांगला असतो. परिणाम मात्र तसा होत नाही.

पहिली गोष्ट, जस्ताच्या मुलाम्यावर वेल्डिंग केलं की जस्त जळून त्याचा पांढरा धूर होतो. तो श्वासात गेला की काही तासांनी ताप, थंडी, अंगदुखी सुरू होते. दुसरी, टाक्याजवळचा मुलामा गेल्यामुळे गंज नेमका आट्यांपासूनच सुरू होतो. तिसरी, टाका किती खोल बसला हे वरून कळत नाही. आणि ग्रेड ८० सारख्या उष्णता देऊन कमावलेल्या पोलादाला वेल्डिंगची आच लागली की त्याची कमावलेली ताकद उतरते, टाक्याच्या शेजारचा पट्टा ठिसूळ होऊ शकतो. अशा साखळीला टाका मारायचा नाही, हे उत्पादक स्पष्ट लिहितात. नट सुटू नये यासाठी थ्रेडलॉकर, योग्य दिशा आणि पेंटची रेघ पुरेशी आहे.

बोल्टने साखळी जोडण्याचंही तसंच. बोल्ट दोन कड्यांमध्ये वाकतो आणि वाकताना त्याचे आटे खाचेसारखे वागतात, भेग तिथूनच सुरू होते. बाइंडिंग तारेबद्दल काही लिहीत नाही. ती सळ्या बांधण्यासाठी असते.

## "इतकी वर्षं काही झालं नाही"

झालं नाही हे खरं असतं. पण कडी त्या सगळ्या वर्षांत झिजत असते. झोपाळ्यात प्रत्येक झोक्याला कडीवर कडी घासते, आणि झीज नेमकी जिथे भार येतो त्याच आतल्या वाकावर होते. बाहेरून बघितलं तर ती दिसत नाही. भार उतरवा, कडी बाजूला करा आणि आतली बाजू बघा. व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजायच्या कॅलिपरने, मोजा. मूळ जाडीच्या १० टक्के घट झाली की कडी बाद. १० टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण क्षेत्रफळ तेवढ्याने १९ टक्क्यांनी घटलेलं असतं.

एक सोपी परीक्षाही आहे. भार पूर्ण उतरवल्यावर, पान्याने एकदा सैल केलेला नट हाताने सहज फिरायला हवा. गंज नाही, थ्रेडलॉकर नाही, आटे स्वच्छ आहेत, तरी नट अडतो? मग कडी ताणली गेली आहे आणि दोन्ही टोकांचे आटे आता एका रेषेत नाहीत. तिला हातोडीने सरळ करू नका. ती भंगारात टाका, आणि टाकण्याआधी कापून टाका, म्हणजे दुसरं कुणी उचलून वापरणार नाही. नट हरवला म्हणून बाजारातला साधा नट चढवणं हेही तितकंच घातक: साधा नट आखूड असतो, फट ओलांडून दोन्हीकडे पुरेसे आटे पकडत नाही.

## जिथे ही कडी लावायचीच नाही

डोक्यावरून वजन उचलायच्या कामात साधी जोडकडी वापरू नये. चेन पुली ब्लॉकने बोअरची मोटर वर काढताना, यंत्रमागाचा जड भाग उचलताना, चिंचोळी किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या शेडमध्ये क्रेनखाली, कुठेही नाही. त्या कामासाठी ग्रेड ८० च्या साखळीला त्याच ग्रेडचा जोड मिळतो. दोन अर्धे तुकडे आणि मध्ये ठोकून बसवायची पिन असा तो असतो, त्याला हॅमरलॉक म्हणतात. त्यावर साखळीची जाडी आणि ग्रेड कोरलेला असतो.

दोन साखळ्यांनी वजन उचलताना कोनही मोजा. साखळ्या आडव्या रेषेशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकीवर वजनाच्या ५८ टक्के ओढा येतो. ४५ अंशांत ७१ टक्के. ३० अंशांत प्रत्येक साखळीवर पूर्ण वजनाएवढा, म्हणजे दोन साखळ्या असूनही फायदा शून्य.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २९व्या कलमाने उचलण्याच्या साखळ्या, दोर आणि जोडसाहित्याला एक शिस्त घालून दिली: प्रत्येकावर सुरक्षित भाराचा आकडा हवा, त्यापेक्षा जास्त उचलायचं नाही आणि बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून पूर्ण तपासणी करून नोंद ठेवायची. लहान वर्कशॉपमध्ये ही नोंद क्वचित दिसते. वही ठेवायला खर्च नाही: साखळीचा नंबर, आकडा, तपासणीची तारीख, काय आढळलं, कुणी पाहिलं.

विहीर खोदाईच्या यारीवर तर माणसंच खाली जातात आणि गाळाची बकेट त्यांच्या डोक्यावरून वर येते. तिथल्या बकेटच्या साखळीत नटाची कडी दिसली तर काम थांबवा. हॅमरलॉक किंवा आकडा असलेलं, स्प्लिट पिनचं शॅकल बसवा, आणि बकेट वर जात असताना खालच्या माणसांना विहिरीच्या कडेला आडोशाला उभं करा.